रिकाम्या सिलिंडरचे डॉक्टर

आमच्या दवाखान्यात भूल देणारे जे डॉक्टर होते, त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, पाना असायचा. ऑक्सिजनचा सिलिंडर उघडायचा पाना. कुठं सही करायची वेळ आली की ते समोरच्याच्या खिशातलं पेन मागून घ्यायचे आणि परत द्यायला विसरायचे. पाना मात्र त्यांनी कधी कुणाच्या हातात दिला नाही. लग्नाकार्यालाही तो खिशात असायचाच. सख्ख्या पुतणीच्या लग्नात अक्षता टाकायला म्हणून ते पुढं वाकले आणि पाना खणकन नवरदेवाच्या पायावर पडला. नवरदेव लंगडत सप्तपदी चालला आणि हे मागून सगळ्यांना सांगत होते, "हाड न्हाई मोडलं, मी बघितलंय."

मी त्या दवाखान्यात सिस्टर होते. गेवराईपासून थोडा आत, साखर कारखान्याच्या सभासदांच्या वर्गणीतून उभा राहिलेला तो दवाखाना. कारखाना सहकारी, दवाखानाही सहकारी, त्यामुळं प्रत्येक पेशंट आत येताना "हे आमचंच हाय" अशा थाटात यायचा आणि पंखा कुठल्या बाजूला फिरवायचा ते आम्हाला सांगायचा. पावसानं सलग दडी मारलेली ती वर्षं. शेतात ऊस नाही, नदीत पाणी नाही. हाडं मोडायचं पीक मात्र जोमात होतं. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडताना कुणाचं मनगट जायचं, विहीर खोल करताना कुणी आत घसरायचं, ऊसतोडीला परमुलखात गेलेलं कुणी ट्रकवरून पडून गळ्यात हात बांधून परत यायचं.

मोडलेल्या प्रत्येक हाडाला चिरफाड लागत नाही. नीट ओढून, दाबून जागेवर बसवलं आणि प्लास्टर घातलं की बहुतेकांचं भागतं. पण ते ओढणं जाग्या माणसाला सोसत नाही. त्याला थोडा वेळ झोपवावं लागतं, आणि ती झोप अशी हवी की दुखणं कळू नये पण श्वास त्याचा त्यानं घेत राहावा. ऐकायला सोपं वाटतं. आमचे हाडांचे डॉक्टर नवे होते, औरंगाबादहून नुकतेच शिकून आलेले, त्यांनाही ते सोपंच वाटायचं. बाह्या सरसावून ते उभे राहायचे आणि दर थोड्या वेळानं विचारायचे, "झालं का सर? धरू का?" सर पेशंटच्या डोक्याशी स्टुलावर बसलेले. ते मान वर न करता म्हणायचे, "तुमचं हाड कुठं पळून चाललंय? श्वास पळतो. आधी मला तो धरू द्या."

त्यांचं बसणं बघण्यासारखं असायचं. डाव्या हाताची बोटं पेशंटच्या हनुवटीखाली. झोपेत जबडा सैल पडतो, जीभ मागं जाते, म्हणून हनुवटी वर उचलून धरायची. उजव्या हाताची बोटं मानेवरच्या नाडीवर. छातीवर चिकटपट्टीनं लावलेला स्टेथोस्कोप आणि त्याची लांब नळी कानात. आणि पेशंटच्या नाकपुडीपाशी कापसाचा एक बारीक तंतू. तो हलतोय तोवर सगळं ठीक. आम्ही हाड ओढतोय, प्लास्टर भिजवतोय, एकमेकांवर ओरडतोय, आणि यांची नजर त्या कापसावर. पंखा लावायला सक्त मनाई, कारण पंख्यानं कापूस हलला तर फसगत व्हायची. मे महिन्यात आम्ही घामानं निथळायचो आणि मनातल्या मनात त्यांना काय काय म्हणायचो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पेशंटला ते पेशंट म्हणत नसत, पाव्हणं म्हणत. "पाव्हणं आपल्या घरी थोड्या वेळासाठी आल्यात," ते मला सांगायचे, "खाऊ घालू नका, पिऊ घालू नका, आन् जसे आले तसे घरी लावून द्या. असला चिकट यजमान हाय मी." पाहुण्यानं डोळे उघडून आपलं गाव, घरातली माणसं आणि बैलांची नावं बरोबर सांगितल्याशिवाय हे स्टुलावरून उठायचे नाहीत. बैल विकलेले असले तर विकलेल्या बैलांची नावं. दुष्काळात बऱ्याच जणांनी विकले होते. तेव्हा ती नावं ऐकताना ते जरा जास्तच वेळ पाठीवर हात फिरवत बसायचे.

इंजेक्शन द्यायच्या आधी ते विचारायचे, "बोला, कुठं जायचं?" त्यांचं म्हणणं, त्या औषधात माणसाला स्वप्नं पडतात आणि ज्या विचारात झोपावं त्याच वाटेनं स्वप्न जातं. भीतीनं झोपलेला माणूस किंचाळत उठतो. म्हणून गावाचं नाव घेऊन झोपवायचं. त्या वर्षांत जो तो पाण्याकडंच जायचं म्हणायचा. चकलांब्याची एक म्हातारी खडीवर मनगट मोडून आली होती. ती म्हणाली, "माझ्या म्हायेरच्या बारवंवर न्या." हाड बसलं, प्लास्टर झालं, म्हातारी जागी झाली आणि तिनं आम्हा सगळ्यांना फैलावर घेतलं. "जरा दम धरला असता तर काय झालं असतं रं तुमाला? घागर आर्धीच भरली व्हती." डॉक्टरांनी तिची हात जोडून माफी मागितली. पुढं प्लास्टर काढायला आली तेव्हा म्हणाली, "पुन्यांदा झोपवा की, उरल्याली भरून घेते."

त्यांचा खरा वैरी म्हणजे भाकरी. भूल देताना पोट रिकामं लागतं, नाहीतर झोपेत पोटातलं वर येतं आणि श्वासाच्या नळीत उतरतं. आता आपल्याकडं माणूस पडला, लागलं, की पहिलं काय करतात? त्याला काहीतरी खाऊ घालतात. आणि दवाखान्यात विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, "कायबी न्हाई खाल्लं." चहा हे खाणं नाही. चतकोर भाकरी हे खाणं नाही. म्हणून डॉक्टर कधी "काय खाल्लं?" असं विचारायचेच नाहीत. ते सोबतच्या बाईला सहज विचारायचे, "मावशी, आज कोरड्यास कशाचं केलतं?" मावशी कालवणाचं खुलून सांगायची. "तिखट झालतं का?" "न्हाई, पोरानं लई आवडीनं खाल्लं." झालं, संध्याकाळपर्यंत थांबा. एकदा लिंबागणेशचा एक बाप चतुर्थीच्या दिवशी पाय मोडलेला मुलगा घेऊन आला आणि छाती फुगवून म्हणाला, पोराला सकाळपासून कडक उपास आहे. डॉक्टरांनी गंभीरपणे विचारलं, "साबुदाणा मऊ भिजलता का?" बाप म्हणाला, "एकदम मऊ. दोनदा घेतला त्यानं." तेव्हापासून भूल द्यायच्या खोलीत भिंतीवर उपासतापासांचं कॅलेंडर आलं.

तर हा असा माणूस, आणि तालुक्यात त्याचं नाव पडलं ते मात्र रिकाम्या सिलिंडरचा डॉक्टर. का पडलं ते सांगते. रोज सकाळी दवाखान्यात आल्या आल्या पाना काढून ते सिलिंडर किंचित उघडायचे, कान लावून फुस्स आवाज ऐकायचे आणि मगच चहा घ्यायचे. दिवाळीच्या पाडव्यालाही मी त्यांना नव्या धोतरात हे करताना पाहिलंय.

कारखान्याचे चेअरमन, ज्यांना सगळे आबा म्हणत, त्यांनी त्या उन्हाळ्यात तहसीलसमोर उपोषण मांडलं होतं. वरच्या धरणातून कालव्याला पाणी सोडा, निदान माणसांना आणि जनावरांना प्यायला तरी मिळू दे, अशी मागणी. मागणी खरी होती. टँकर कधी यायचा, कधी यायचा नाही. आबांच्या मागं मांडवात बायका रिकाम्या घागरी घेऊन बसायच्या. आबा म्हणजे जुने पहिलवान. बोलणं मोठं, देह मोठा, जेवणही मोठं. माणूस वाईट नव्हता. आमचा दवाखाना त्यांनीच उभा केला होता. इतका खाणारा गडी उपाशी बसलाय म्हटल्यावर अधिकारीही जरा हलले होते.

एका दुपारी आबा कुणाला तरी भेटायला स्टेजवरून उतरले, मांडवाच्या दोरीत पाय अडकला आणि हातावर आपटले. घोषणा देत जीप दवाखान्यात आली. मनगटाच्या वर हात चमच्यासारखा वाकला होता. हाडांच्या डॉक्टरांनी बोटं गरम आहेत, नाडी लागतेय, एवढं बघितलं आणि बाह्या सरसावल्या. कार्यकर्त्यांनी खोली गच्च भरली होती.

"आबा, पोटात काय हाय?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाण्याबिगर काय न्हाई. साऱ्या तालुक्याला म्हाईत हाय," आबा म्हणाले, आणि सगळ्यांनी पुन्हा घोषणा दिली.

डॉक्टर आबांच्या तोंडावर वाकले, जणू डोळे तपासतायत. मग सरळ झाले आणि माझ्याशिवाय सगळ्यांना बाहेर काढलं. कित्येक दिवस उपाशी असलेल्या माणसाच्या तोंडाला एक गोडसर वास येतो, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. आबांच्या तोंडाला लसणाचा वास येत होता, तोही ताज्या फोडणीचा. मला दोन हात लांबून आला.

"आबा, डाळीला फोडणी झकास बसलीय," डॉक्टर हळूच म्हणाले.

"काई खाल्लं न्हाई म्हणलं ना."

डॉक्टर स्टूल ओढून त्यांच्या डोक्याशी बसले. "हे बघा, मी बीडचा. तुमचा मतदार न्हाई. मला खोटं सांगून तुमाला काय मिळणार? झोपेत ती डाळ वर आली आन् श्वासात गेली तर मला तुमाला माघारी आणता यायचं न्हाई. मग उद्या मांडवात तुमच्या फोटोला हार असंल आन् भाषण कोण करील ते तुमाला म्हाईत हाय."

आपल्या खुर्चीवर कुणाचा डोळा आहे आणि भाषण कोण करील हे आबांना चांगलंच माहीत होतं. त्यांचा चेहरा पडला. त्या एवढ्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सकाळपासनं चक्कर येत व्हती. दुपारी घरच्या मंडळींनी गाडीत डबा आणला. म्हणलं, एक घास घ्यावा. एक गेला आन् मंग हातच थांबंना, डॉक्टर."

"किती खाल्लं?"

"डबा पुसून घेतला," आबा म्हणाले. मग म्हणाले, "माझं काय न्हाई, हसत्याल लोक. पर त्या बाया घागरी घेऊन बसल्यात. उपोषणच खोटं निघालं तर तहसीलदार म्हणंल मागणी बी खोटी. पाणी गेलं बघा."

डॉक्टरांनी पान्यानं कान खाजवला. हाताला फळी बांधली, दुखायचं कमी व्हायला इंजेक्शन दिलं आणि दार उघडून व्हरांड्यात गेले. मी मागोमाग. समोर सगळा जमाव, त्यात तहसीलचा एक माणूसही उभा होता.

"आत्ता भूल देता येत न्हाई," ते म्हणाले, "सिलिंडर रिकामा हाय. सकाळी बघायचा ऱ्हायला. चूक माझी. दुसरा येईपर्यंत संध्याकाळ व्हईल."

हाडांच्या डॉक्टरांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला, चांगला जोर लावून. सकाळचा फुस्स आवाज आम्ही दोघांनीही ऐकला होता.

मग जे झालं ते ऐकवत नव्हतं. आबांचा उजवा हात म्हणवणारा कार्यकर्ता पुढं आला. "काय बे, उपाशी माणूस आत तळमळायलाय आन् तू सिलिंडर बघायचा इसरलास? पगार कशापायी घेतो मंग?" मागून आणखी कुणी कुणी बोललं. डॉक्टर खाली बघून ऐकत राहिले. त्यांच्या उभ्या नोकरीत कुणी त्यांना असं बोललं नव्हतं. तेवढ्यात तो उजवा हात म्हणाला, "जीप काढा. आबाला बीडला न्यायचं."

तेव्हा मात्र डॉक्टरांचा रंग उडाला. बीडला हे लोक अभिमानानं सांगणार, आबा किती दिवसांचे उपाशी आहेत, आणि तिथले डॉक्टर विश्वास ठेवून झोपवणार. ते दारात आडवे उभे राहिले. खरं बोलता येत नाही आणि वाट सोडता येत नाही.

आतून आबांचा आवाज आला. "मी कुठं जात न्हाई. तुमी सारी पाण्याची वाट बघताव, मी सिलिंडरची बघीन." बाहेर टाळ्या पडल्या. पुढारी तो पुढारीच, मोडल्या हातानंही सभा जिंकतो. पण त्या दिवशी मी त्यांना मनातून आशीर्वाद दिले.

दिवस कलेपर्यंत आम्ही थांबलो. आबा भिंतीकडं तोंड करून पडले होते. मधूनच म्हणाले, "डॉक्टर, आता खरंच भूक लागली हो." डॉक्टर म्हणाले, "मग आता जमलं." दाखवायला म्हणून मागच्या दारानं एक सिलिंडर बाहेर गेला, पुढच्या दारानं तोच आत आला. आबांना कुठं जायचं विचारलं तर म्हणाले, भरल्या कालव्यावर. हनुवटीखाली बोटं गेली, कापूस हलायला लागला, हाडांच्या डॉक्टरांनी एका झटक्यात हाड बसवलं आणि मी प्लास्टर गुंडाळलं.

खरी परीक्षा पुढंच होती. गुंगी उतरताना माणूस बडबडतो. आबांचा आवाज तर सभेचा. त्यांनी डोळे मिटूनच हाक दिली, "अगं, भाकरी वाढ. डाळ वाढ अजून." खिडकीला कार्यकर्त्यांची डोकी लागलेली. डॉक्टर मात्र शांतपणे खिडकीकडं वळले आणि म्हणाले, "बघा, उपाशी माणूस. झोपेत सुद्धा भाकरी मागतोय." तो उजवा हात उपरण्यानं डोळे पुसायला लागला. आबा पुढं "गाडीतला डबा" एवढं म्हणाले, तेवढ्यात डॉक्टरांनी ऑक्सिजनचा मास्क त्यांच्या तोंडावर दाबला आणि म्हणाले, "दीर्घ श्वास घ्या, आबा. बोलू नका. अजिबात बोलू नका."

अंधार पडायच्या सुमाराला तहसीलदार स्वतः आले. पाणी सोडायचं मंजूर झालं होतं. सोबत लेखी आश्वासन, फोटोवाला आणि आबांचं उपोषण सोडवायला मोसंबीचा रस. आबांनी आधाशासारखा ग्लास घेतला, तर डॉक्टरांनी तो वरच्यावर काढून घेतला. पूर्ण शुद्ध आल्याशिवाय घोटभरही नाही. आबांनी गाव सांगितलं, घरच्यांची नावं सांगितली, बैलांची सांगितली, तरी हे म्हणाले थोडं थांबा. ग्लास ओठांपाशी धरून फोटो झाला आणि ग्लास बाजूला गेला. आबांनी त्या वेळी ग्लासाकडं ज्या नजरेनं पाहिलं, तशा नजरेनं मी कुणाला पाहताना पाहिलं नाही. खरं उपोषण त्यांनी केलं ते मागणी मान्य झाल्यावर. मी बाहेर जाऊन पोट धरून हसले.

कालव्याला पाणी आलं. बायका घागरी घेऊन धावल्या, जनावरं पाण्यात शिरली, आबांच्या नावाचा जयजयकार झाला. आणि डॉक्टरांना ते नाव चिकटलं. बाजारात पोरं म्हणायची, रिकामा सिलिंडर चालला. पेशंटचे नातेवाईक आधी विचारायचे, "सिलिंडर भरलाय ना?" डॉक्टर हसून म्हणायचे, "चला, दाखवतो," आणि त्यांनाही फुस्स ऐकवायचे. पण एकदा चकलांब्याचा एक शेतकरी बायकोचा मोडलेला हात तसाच घेऊन परत फिरला. ह्या डॉक्टरकडं नको, म्हणाला. त्या दिवशी डॉक्टर स्टुलावर कितीतरी वेळ एकटेच बसून होते. मी चिडून म्हटलं, सर, सांगून टाका आता, पाणी तर आलं. ते म्हणाले, "सिस्टर, पाव्हण्याच्या पोटातलं यजमानानं बाहेर सांगायचं नसतं."

पावसाळ्यानंतर कारखान्याची सर्वसाधारण सभा भरली. दवाखान्याचा विषय निघाला आणि आबांचा तोच उजवा हात उठला. सभासदांच्या जिवाशी खेळणारा असा डॉक्टर दवाखान्यात नको, त्याला काढावं, असा ठराव त्यानं मांडला. मांडवातून "बरोबर हाय, बरोबर हाय" असे आवाज आले. आम्ही दवाखान्याची माणसं मागच्या रांगेत होतो. डॉक्टर खिशातल्या पान्यावर हात ठेवून बसले होते. घर कुणी असंच हातातून काढून घ्यावं, तसं मला झालं. मी उठायला लागले तर त्यांनी माझ्या पदराला धरून मला खाली बसवलं.

हात वर करा म्हणायची पाळी आबांची होती. ते उठले आणि त्यांनी माइक जवळ ओढला. मग म्हणाले, "त्या दिशी सिलिंडर भरल्याला व्हता."

सगळा मांडव त्यांच्याकडं बघायला लागला.

"माझं पोट बी भरल्यालं व्हतं."

क्षणभर कुणाला काही उमगेना. मग बायकांच्या बाजूनं कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि तिथून ते हसू मांडवभर गेलं. आबा स्वतःही हसत होते, कान लाल करून. एकटे डॉक्टर तेवढे संतापले. ते ताडकन उठून उभे राहिले आणि ओरडले, "आबा, हे सांगायची काय गरज व्हती? मी बोललो का कुणाला?"

"न्हाई बोललात, म्हणून तर सांगतो," आबा माइकवरूनच म्हणाले. "डाळ मी खाल्ली आन् शिव्या तुमी खाल्ल्या. आता बसा खाली."

डॉक्टर बसले. ठराव मांडणारा अजून उभाच होता, आणि पहिली टाळी त्यानंच वाजवली.